सुरांची सोबत : पांढरी एकमध्ये काळी चार

या आठवड्यात गिटारच्या कॅपोबद्दल लिहिणार होतो. ते राहू द्या. म्हसळ्याच्या एका वाचकाने विचारलेल्या प्रश्नाने मला गप्प बसवेना. गणपतीत त्यांच्या भजनी मंडळात मुंबईहून आलेला एक मुलगा कीबोर्डवर साथीला बसला. पट्टी पांढरी एक, गाणं साध्या बिलावल अंगाचं. एका जागी त्याने मध्येच काळी चार दाबली आणि बुवांसकट सगळ्यांनी मान डोलावली. वाचक विचारतात, हा सूर गाण्यात नव्हताच, मग गोड का लागला?

पेटी पुढ्यात घ्या. पांढरी चार, पांढरी सहा आणि वरची पांढरी एक एकत्र दाबा. मध्यम, शुद्ध धैवत, षड्ज : ही गाण्याच्या घरची कॉर्ड. आता पांढरी सहा सोडून काळी चार घ्या. बाकीची दोन बोटं हलवू नका. मग एक, तीन, पाचवर या. मधल्या बोटाकडे कान द्या : शुद्ध धैवत, कोमल धैवत, पंचम. अर्ध्या-अर्ध्या सुराने धैवत उतरत पंचमावर टेकला. गाणारा या सगळ्यात षड्जावर निश्चल उभा असेल, तर त्याच्या एकाच सुराचा रंग तीनदा बदलतो. या कॉर्डची सगळी जादू त्या उतरणीत आहे.

पाश्चात्त्य संगीतात याला मायनरकडून घेतलेली उसनी कॉर्ड म्हणतात. बीटल्सच्या १९६५च्या ‘इन माय लाइफ’मध्ये ओळीच्या शेवटी हीच उतरण आहे. आपल्याकडे चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकलेले गोव्याचे वादक मुंबईच्या स्टुडिओंत आले, सेबॅस्टियन डिसोझांसारखे अरेंजर झाले आणि अशा कॉर्ड चित्रपटगीतांतून घरोघरी पोचल्या.

पण कान तयार होते ते त्याआधीपासून. नटभैरव आठवा : गंधार शुद्ध, निषाद शुद्ध आणि धैवत तेवढा कोमल. चारुकेशीतही शुद्ध गंधारासोबत कोमल धैवत आहेच. म्हसळ्याच्या बुवांनी नटभैरव कधी गायला नसेल, तरी त्या अंगाच्या चाली ऐकल्या असतील. म्हणून मान डोलली.

साथीदारांना माझी कळकळीची विनंती : गायकाचा सूर आधी ऐका. तो षड्जावर किंवा मध्यमावर ठेहराव घेत असेल तर काळी चार खुशाल घ्या. तो शुद्ध धैवतावर रेंगाळत असेल तर दोन धैवत एकमेकांना टोचतील. आणि भूपातल्या अभंगाला हात लावू नका. तिथे मध्यमच नाही, धैवत शुद्ध आणि संवादी. भैरवीत उलट, ही कॉर्ड घरचीच, उसनी नव्हेच. शिवाय एका गाण्यात एकदाच, फार तर दोनदा. प्रत्येक कडव्यात आली की कान तिची वाट पाहू लागतो आणि तिचा रंग उडतो.

पुढच्या आठवड्यात दुसरी उसनी कॉर्ड : काळी पाच, पांढरी दोन, पांढरी चार. तिच्यासाठी खमाजाचा कोमल निषाद गुणगुणून या. कॅपो त्यानंतर.