‘लेट’ ह्या शब्दाची जागा

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट आहे. आठवीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्याचा इंग्रजी अर्ज माझ्या हातीं आला. फी भरण्यास आठ दिवसांची मुदत मिळावी, अशी त्यांत विनंती होती आणि कारण म्हणून ‘ड्यू टु माय लेट फादर’ इतकेच शब्द होते. मीं मुलास बाजूस बोलावून हलक्या आवाजांत विचारलें, “बाळ, वडील कधीं वारले?” तो घाबरून म्हणाला, “नाहीं सर, बाबा घरीं आहेत. ते गांवाहून उशिरां आले, म्हणून फी राहिली.” शेजारचीं मुलें हसलीं व तो बिचारा रडकुंडीस आला. दोष मात्र त्याचा नव्हता. ‘लेट म्हणजे उशीर’ एवढेंच आम्हीं शिक्षकांनीं त्यास शिकविलें होतें.

वास्तविक मराठींतील ‘उशीर’ हें नाम आहे. ‘लेट’ हें विशेषण किंवा क्रियाविशेषण आहे. आपल्याला उशीर होतो. इंग्रज मनुष्य स्वतःच ‘लेट’ असतो. प्राचीन इंग्रजींत ह्या शब्दाचा अर्थ ‘मंद, रेंगाळणारा’ असा होता. ‘लॅटर’ व ‘लास्ट’ हीं त्याचींच जुनीं रूपें होत. ‘लेटर’ व ‘लेटेस्ट’ हीं मागाहून आलीं.

आतां जागेचा विचार करूं. ‘द ट्रेन इज लेट’ ह्या वाक्यांत शब्द क्रियापदानंतर आला. येथें अर्थ उशिराचाच. ‘अ लेट डिनर’ म्हणजे उशिराचें जेवण. वस्तूच्या नांवापूर्वींहि अर्थ बदलत नाहीं. परंतु ‘माय’ किंवा ‘द’ ह्यांच्या मागून व मनुष्यवाचक नामाच्या अगोदर हा शब्द बसला, कीं तो मनुष्य मृत ठरतो. नुकताच जो आपल्यांत होता व आतां नाहीं, तो ‘लेट’. म्हणूनच शतकांपूर्वीं वारलेल्या शेक्सपिअरला कोणी ‘लेट’ म्हणत नाहीं. मराठींत आपण कोणास कैलासवासी, कोणास ख्रिस्तवासी, तर कोणास पैगंबरवासी म्हणतों. इंग्रजींत धर्म कोणताहि असो, ह्या एकाच शब्दानें काम भागतें.

दुसरी नेहमींची चूक ‘लेटली’ची. ‘ली’ लागला म्हणजे क्रियाविशेषण होतें, हा नियम पाठ असल्यामुळें मुलें ‘आय केम लेटली’ असें लिहितात. पण ‘लेटली’ म्हणजे ‘अलीकडे’. उशिरां येणें हें ‘केम लेट’ असेंच लिहावें.

ह्या शब्दाचे शेजारीहि ओळखून असावेत. ‘टार्डी’ हा मंद अशा अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला. अमेरिकेंतील शाळांच्या हजेरींत उशिरां येणाऱ्या मुलास हाच शब्द लावतात. ‘बिलेटेड’ म्हणजे पूर्वीं वाटेंत रात्रीनें गांठलेला प्रवासी. आज वाढदिवस उलटून गेल्यावर पाठविलेल्या शुभेच्छांस तें विशेषण लावतात. ग्रंथालयाचें पुस्तक मुदतींत परत गेलें नाहीं, तर तें ‘ओव्हरड्यू’ होतें.

त्या मुलाकडून मीं अर्ज पुन्हां लिहवून घेतला. ‘माय फादर केम होम लेट’ असें त्यानें सुवाच्य अक्षरांत लिहिलें व त्यास मुदत मिळाली. विद्यार्थिमित्रांनो, शब्दाचा अर्थ पाठ करतांना तो वाक्यांत कोठें बसतो, हेंहि पाहत जा. नाहीं तर घरीं सुखरूप असलेल्या वडिलांबद्दल शाळेंत कोणी दुखवटा व्यक्त करील.