'बॉम्बे ऑर्केस्ट्रा' म्हणजे कोण?

लेड झेपेलिन या इंग्रज वाद्यवृंदाचे नाव मोर्शीत फारसे कोणाला ठाऊक असेल असे नाही. पण त्याचा एकदा मुंबईच्या वादकांशी संबंध आला, आणि त्यात मजुरीचा प्रश्न दडलेला असल्याने मी या विषयाकडे वळलो.

१९६८ साली लंडनमध्ये चार तरुणांनी हा वृंद उभा केला. विजेवरची गिटार, कानठळ्या बसविणारा ढोल आणि तारस्वरातील गायन असा त्यांचा बाज. तिकडे त्याला 'हार्ड रॉक' म्हणतात. १९८० साली ढोलवादक जॉन बोनम वारला आणि वृंद मोडला. मागे उरलेल्या मुद्रणांतून १९८२ साली 'कोडा' हा संग्रह निघाला. २०१५ साली तोच बरीच भर घालून पुन्हा काढला. त्या भरीत मुंबईत मुद्रित झालेल्या दोन रचना होत्या.

त्या १९७२ सालच्या. गिटारवादक जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लँट मुंबईस आले आणि 'फ्रेंड्स' व 'फोर स्टिक्स' या आपल्या जुन्या गाण्यांना त्यांनी येथील वादकांकडून नवा साज चढवून घेतला. संचालन बासरीवादक विजय राघव राव यांनी केले. 'फोर स्टिक्स' हे काम सोपे नव्हे. त्यात पाच आणि सहा मात्रांची आवर्तने एकमेकांत गुंफली आहेत. मूळ मुद्रणात बोनमने प्रत्येक हातात दोन-दोन काठ्या धरून ढोल वाजविला, म्हणून हे नाव. दादरा आणि झपताल ज्यांच्या बोटांत मुरले आहेत त्यांना हे गणित परके नाही. तरी इंग्रजी गाण्याचे झोके निराळेच. ते त्यांनी पेलले.

मग हे वादक कोण? गाण्यांच्या यादीत 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा' एवढे दोन शब्द. आपली मोर्शी-वरूडची संत्री बाजारात 'नागपुरी' म्हणून जातात, त्यातलाच हा प्रकार.

गंमत अशी की, पेज स्वतः पूर्वी लंडनच्या स्टुडिओंत दुसऱ्यांच्या तबकड्यांसाठी मेहनतान्यावर गिटार वाजवीत असे. मुंबईच्या सिनेमातही रीत तीच : वादकाला शिफ्टचे पैसे, आणि तबकडीवर नाव गायकाचे, संगीतकाराचे, गीतकाराचे. १९५० नंतरच्या दशकात या वादकांनी आपली संघटना बांधली, हे मोठेच काम झाले. पण एकदा वाजविलेला सूर पुढे त्रेचाळीस वर्षांनीही विकला जातो, याचा हिशेब शिफ्टच्या दरात बसत नाही.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात वादकाला स्वतःचा असा हक्कच नव्हता. १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताचा हक्क मान्य झाला. २०१२ च्या दुरुस्तीने व्यापारी वापरावरील रॉयल्टीही आली. मात्र त्याच दुरुस्तीत एक पाचर आहे. चित्रपटात ज्याचे काम किरकोळ वा आनुषंगिक असेल, आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत कोठेच दिले जात नसेल, त्याला कलावंत धरावयाचे नाही. आपल्या कलेची मोडतोड होऊ नये म्हणून दाद मागण्याचा हक्क तेवढा त्याला ठेवला आहे.