गृहसंगणकासाठी वॉटर ब्लॉकची निवड

प्रोसेसरची उष्णता पाण्याच्या हवाली करणारा जो धातूचा ठोकळा बाजारात ‘वॉटर ब्लॉक’ या नावाने मिळतो, तो निवडताना बाह्य झगमगाटास भुलण्यापूर्वी धातूची चौकशी करणे इष्ट. कारण तांब्याची उष्णतावाहकता ॲल्युमिनियमच्या सुमारे पावणेदोन पट असल्याने चांगल्या ठोकळ्याचा तळ तांब्याचा, पुष्कळदा निकेलचा मुलामा दिलेला असतो. मात्र त्याच जलचक्रात ॲल्युमिनियमचा रेडिएटर जोडल्यास दोन विजातीय धातूंमध्ये विद्युत्-रासायनिक क्रिया सुरू होऊन ॲल्युमिनियमचा क्षय होतो. सबब अशी सरमिसळ कटाक्षाने टाळावी, आणि नळाच्या पाण्याऐवजी गंजरोधक द्रव्य मिसळलेले ऊर्ध्वपातित पाणी वापरावे.

तळाच्या आत कोरलेल्या सूक्ष्म पात्या जितक्या दाट, तितका पाण्याचा स्पर्श अधिक, परंतु प्रवाहास अडथळा आणि गाळ अडकण्याचे भयही तितकेच अधिक. तेव्हा पंपाची कुवत पाहूनच निर्णय घ्यावा. अखेरीस, ठोकळ्याची बैठक आपल्या सॉकेटशी, मग तो एलजीए १७०० असो वा एएम५, जुळते काय आणि जोडांचे आटे प्रचलित जी १/४ मापाचे आहेत काय, याची खातरजमा केल्यावाचून पैसे मोजू नयेत.