वेळ आल्यावर नाही, आधीच ठरवा



पुण्यात येरवड्याला ‘मुक्तांगण’ नावाचं व्यसनमुक्ती केंद्र आहे. तुमच्यापैकी काही जणींनी घरातल्या कुणाला तरी तिथे पोचवलंही असेल. डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट या जोडप्यानं २९ ऑगस्ट १९८६ रोजी ते सुरू केलं. अनिताताई येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी पैशाचं पाठबळ दिलं. त्या काळात गर्दच्या पुडीनं तरुण मुलं ओढली जात होती. ती या कामाची सुरुवात. पुढे दारूचे रुग्णही मोठ्या संख्येनं येऊ लागले.

तिथला मुक्काम साधारण पाच आठवड्यांचा. तेवढ्या दिवसांत दारू समोर येतच नाही, त्यामुळे माणूस सुधारलेला दिसतो, चेहऱ्यावर तजेला येतो, घरचे खूश होतात. खरी परीक्षा असते ती गावच्या स्टँडवर एसटीतून उतरल्यावर. जुना मित्र हाक मारतो, “अरे, आलास का! चल, घोटभर घेऊ.” आता काय करायचं, हे त्या वेळी ठरवायला गेलं तर डोकं आपल्या बाजूनं बोलत नाही, तलफेच्या बाजूनं बोलतं. एवढ्यानं काय होतंय, आजच्या दिवस, मित्राचं मन कशाला मोडा. कारणं भराभर सुचतात आणि सगळी पटतात.

म्हणून व्यसनमुक्तीच्या उपचारात घरी जाण्याआधीच एक काम करून घेतात. आपल्याला मोह कुठे कुठे पडणार ती ठिकाणं शोधायची आणि प्रत्येक ठिकाणी काय करायचं ते तिथे जायच्या आत ठरवून ठेवायचं. आज मला त्याबद्दलच बोलायचंय, कारण ही गोष्ट फक्त दारूच्या कामाची नाही.

तुम्ही म्हणाल, ठरवतो की आमचा माणूस! पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतो आणि चौथ्या दिवशी झिंगत येतो. खरं आहे. पण त्या शपथेत काय असतं ते बघा. “पुन्हा पिणार नाही,” एवढंच. बाजारच्या दिवशी काय करीन, मेव्हण्याच्या लग्नात काय करीन, याचा त्यात एक शब्द नसतो. ती मनापासून घेतलेली असते, तरी अर्धवट असते.

आता आपली एकादशी आठवा. एकादशीला सकाळी अकरा वाजता, समोर भाकरी आल्यावर, आपण खावी की नको असा विचार करत बसत नाही. ते कधीच ठरलेलं असतं. आणि नुसतं ठरलेलं नसतं, आदल्या रात्री साबुदाणा भिजत घातलेला असतो. भूक लागेल हे माहीत असतं आणि लागली की काय खायचं तेही तयार असतं. साबुदाणा न भिजवता केलेला निश्चय म्हणजे ती शपथ.

वारकऱ्याच्या तुळशीच्या माळेचं तसंच. माळ घातली की मांस-मदिरा बंद, हे तर झालंच. पण माळ गळ्यात असते, ती चारचौघांना दिसते. जत्रेच्या जेवणात वाढणाराच म्हणतो, “त्यांना माळ आहे, त्यांचं गोड्या पंगतीत.” दर वेळी नाही म्हणायचे कष्ट निम्मे तिथेच वाचतात. सगळ्यांनी माळ घालावी असं मी म्हणत नाही, तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. माळेचा जोर कशात आहे तेवढं ओळखून ठेवा.

पीटर गॉलविट्झर नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञानं यावर बराच अभ्यास केला आहे. त्याचं म्हणणं असं की ‘मी हे करीन’ यापेक्षा ‘असं झालं की मी तसं करीन’ हा निश्चय जास्त पाळला जातो. याच विचारावर इंग्लंडमध्ये झालेला एक प्रयोग १९९७ साली छापून आला. महिन्याभरात स्वतःच्या स्तनांची तपासणी करायची इच्छा असलेल्या बायकांपैकी काहींना कुठे आणि कधी करणार तेही लिहायला सांगितलं. त्या सगळ्यांनी तपासणी केली. बाकीच्यांना इच्छा तेवढीच होती, पण त्यांच्यातल्या निम्म्याहून थोड्याच जास्त जणींनी केली. तिथे प्रश्न मोहाचा नव्हता, राहून जाण्याचा होता, हे खरं. पण मोहाच्या बाबतीतही कामी येते ती हीच जोड: अमुक प्रसंग, अमुक कृती.

तर दारू सोडलेल्या माणसाबरोबर बसून ही यादी करा. तो शांत असताना, सकाळी, आणि त्याच्याच तोंडून. तुम्ही लिहून त्याच्या हातात दिलेली यादी चालत नाही, ती फर्मानासारखी वाटते. आठवडे बाजार. उसाचं बिल किंवा पगार हातात येतो तो दिवस. लग्नाची वरात. निवडणूक. आषाढ अमावस्या, म्हणजे ज्या दिवसाला गटारी म्हणून मिरवतात तो. कुणाच्या मातीला जाऊन परत येतानाची वाट. घरातलं भांडण. आणि हो, आनंदाची बातमीही. मुलगी दहावी पास झाली म्हणूनही लोक बाटली फोडतात.

आता एकेकाला उत्तर. पैसे खात्यात जमा व्हावेत, आणि सोडून पहिले काही महिने त्यानं खिशात जाण्यायेण्यापुरतेच ठेवावेत. गुत्त्यावरून जाणारा रस्ता सोडून लांबचा धरावा. वरातीत नाचायला थांबायचं नाही, अक्षता पडल्या, जेवण झालं की निघायचं, आणि परतीला कुणाच्या गाडीवर बसायचं तेही आधीच बोलून ठेवायचं. मित्रानं ओढलं तर म्हणायचं वाक्यसुद्धा ठरवा आणि घरात दोन-चारदा मोठ्यानं म्हणून बघा. हसू येईल, येऊ द्या. माझं मत विचाराल तर ‘आज नको’ किंवा ‘पोट बिघडलंय’ ही वाक्यं कच्ची आहेत. आज नको म्हटलं की उद्याचं आमंत्रण येतं. “मी सोडली आहे, मला चहा सांग,” हे पक्कं. तलफ आलीच तर ती लाटेसारखी चढते आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत ओसरते. तेवढा वेळ काय करायचं, कुणाला फोन लावायचा, तेही त्या यादीतच असू द्या.

बायकोनंही स्वतःपुरतं ठरवायचं असतं. तो पिऊन आला तर त्या रात्री वाद घालायचा नाही, बोलायचं ते सकाळी. त्याची गुत्त्यावरची उधारी मी फेडणार नाही. मालकाला फोन करून ‘त्यांना ताप आहे’ असं खोटं सांगणार नाही. पोरं कुठे झोपतील. हात उगारला तर मी कुणाच्या घरी जाईन, आणि त्या घरच्या बाईला हे आजच सांगून ठेवायचं. पोलिसांसाठी ११२ आणि महिला मदतीसाठी १८१ हे नंबर पोरांनाही पाठ असू द्या. रात्री दाराला धक्के बसायला लागल्यावर हे काही सुचत नाही, म्हणून ही तयारी दिवसाउजेडी करायची.

इथे एक धोक्याची सूचना. बाजारात ‘नकळत द्या, दारू सुटेल’ म्हणून पुड्या मिळतात. चहात, आमटीत कालवून देणाऱ्या बायका आहेत. देऊ नका. डायसल्फिराम नावाचं एक खरं औषध आहे. ते घेतल्यावर दारू प्यायली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. जिवावरही बेतू शकतं. गोळी बंद केल्यावरही काही दिवस, कधी दोन आठवड्यांपर्यंत, तिचा परिणाम राहतो. सकाळी शुद्धीत असताना माणूस स्वतःच्या हातानं ती गोळी घेतो आणि संध्याकाळचं दार बंद करून टाकतो, म्हणून ती उपयोगी पडते. चोरून दिली तर ठरवलं कुणी? आणि त्याला माहीत नसल्यानं तो पिणार. ती फक्त डॉक्टरांच्या देखरेखीखाली, त्याच्या संमतीनं. तसंच, वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम दारू बंद करू नये. फिट येऊ शकते, भ्रम होतो. आधी दवाखाना.

एवढं करूनही पाय घसरू शकतो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लाट यांनी दाखवून दिलं की एक घोट प्यायला जाण्यापेक्षा घातक असतो त्यानंतरचा विचार: ‘आता मोडलंच, मग पुरतं होऊ दे.’ उपास चुकून मोडला की दिवसभर खात सुटतो, तसं. म्हणून यादीत शेवटची ओळ हीच हवी: चुकून घेतलीच तर तिथून लगेच उठायचं, घरी खरं सांगायचं, आणि दुसऱ्या दिवशी केंद्रात किंवा डॉक्टरांकडे जायचं. आणि त्यानं खरं सांगितल्यावर घरानं काय करायचं? ओरडायचं नाही. हेही आधीच ठरवायला लागतं, कारण त्या क्षणी संताप येणारच.

आता जरा आपल्याकडे वळू. नवऱ्याच्या बाटलीबद्दल बोलणाऱ्या आपल्यातल्या कितीजणींच्या कमरेला मिश्रीची डबी आहे? मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिच्यानं तोंडाचा कॅन्सर होतो, गरोदरपणी लावली तर बाळ कमी वजनाचं होतं. ‘लावल्याशिवाय पोट साफ होत नाही’ ही तिनंच लावलेली सवय.

हिची ठिकाणं मोजकी आहेत. सकाळी उठल्यावर, जेवणानंतर, आणि खुरपणीला बांधावर बसल्यावर शेजारीण डबी पुढे करते तेव्हा. सकाळी उठल्या उठल्या कोमट पाणी आणि साधी दंतमंजन किंवा ब्रश, रात्रीच मोरीवर काढून ठेवलेला. डबी घरातून बाहेर, ‘पाव्हण्यांसाठी’ म्हणूनही ठेवायची नाही. बांधावर बडीशेप किंवा ओवा पदराला बांधून न्या. शेजारणीला आधीच सांगा, “बाई, मला पुढे करू नकोस,” आणि जमलं तर तिलाच जोडीला घ्या. गटाच्या बैठकीत हप्त्यांची वही भरून झाली की दोघी-तिघींनी आपापलं एक वाक्य सगळ्यांसमोर बोलून ठेवावं: ‘बांधावर डबी आली की मी ओवा काढीन.’ पुढच्या बैठकीत त्याच वाक्याबद्दल विचारायचं, सोडलीस का असं नाही.

तंबाखू सोडायला मदत करणारा सरकारी फोन आहे, १८००-११२-३५६. फुकट आहे. तंबाखूच्या पुडीवरच तो छापलेला असतो, त्यामुळे डबी टाकण्याआधी पुडीवरून उतरवून घ्या.