ग्राहकाच्या संगणकावर सॉफ्टवेअर का अडतं?

पतसंस्थेचे हिशेब, औषध दुकानाची बिलं, दूध संकलनाच्या नोंदी अशी कामं आजही कितीतरी ठिकाणी विंडोजवर इन्स्टॉल केलेल्या डेस्कटॉप सॉफ्टवेअरवर चालतात. ते लिहिणाऱ्या आणि ग्राहकाकडे बसवून देणाऱ्या मंडळींचे काही उपाय ठरलेले असतात. 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करा, अँटिव्हायरस बंद करा, डीएलएल उतरवून टाका, आणि काहीच जमलं नाही तर मशीन फॉरमॅट करा. नव्याने नोकरीला लागलेला मुलगा हे उपाय पहिल्याच महिन्यात शिकतो. ते अधूनमधून लागू पडतात, म्हणून टिकले आहेत. पण अडचण कशामुळे आली हे त्यातून कधीच कळत नाही, आणि काही वेळा उपायाचंच नुकसान अडचणीपेक्षा मोठं असतं.

गैरसमज: माझ्या मशीनवर चालतं, म्हणजे सॉफ्टवेअर पूर्ण आहे

ज्या संगणकावर आपण कोड लिहितो त्यावर व्हिज्युअल स्टुडिओ असतो, आणि त्याच्यासोबत न मागता आलेल्या अनेक गोष्टी असतात. सी++ चे रनटाइम, डॉट नेटच्या दोन-तीन आवृत्त्या, रिपोर्टचं इंजिन, बहुतेकदा एक्सेलसुद्धा. ग्राहकाकडे यातलं काहीही असेलच असं नाही. सी++ च्या डीबग बिल्डला ज्या डीएलएल लागतात, म्हणजे ज्यांच्या नावाच्या शेवटी 'डी' असतो त्या, ग्राहकाला देण्याची परवानगीच मायक्रोसॉफ्टच्या परवान्यात नाही. तिथे रिलीज बिल्डच द्यावी लागते आणि तिच्यासोबत 'रीडिस्ट्रिब्युटेबल' पॅकेज.

डॉट नेटबाबत घोळ आणखी आहे. 'विंडोजमध्ये डॉट नेट असतंच' हे वाक्य जुन्या डॉट नेट फ्रेमवर्कपुरतं खरं आहे. विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून ४.८ ही आवृत्ती विंडोजसोबतच येते. पण डॉट नेट ६, ८ ही वेगळी शाखा आहे आणि ती विंडोजमध्ये आधीपासून नसते. एकतर ती सेटअपमधून बसवावी लागते किंवा 'सेल्फ-कंटेन्ड' पद्धतीने सॉफ्टवेअरसोबतच बांधून द्यावी लागते. दुसऱ्या पद्धतीत सेटअपचा आकार बराच वाढतो, तरी गावोगावच्या ग्राहकांना सॉफ्टवेअर देणाऱ्यांनी मला विचारलं, तर मी हीच पद्धत सुचवीन.

तपासणीसाठी रिकामा व्हर्च्युअल संगणक हवा. विंडोजच्या प्रो आवृत्तीत 'सँडबॉक्स' मिळतो आणि तो दर वेळी कोरा उघडतो, त्यामुळे राहून गेलेल्या फायली लगेच उघड्या पडतात. मात्र सँडबॉक्समधला वापरकर्ता ॲडमिनिस्ट्रेटर असतो. परवानग्यांच्या अडचणी तिथे दिसणारच नाहीत. त्यासाठी साधा, मर्यादित अधिकारांचा वापरकर्ता तयार करून वेगळी चाचणी घ्यावी लागते.

गैरसमज: ६४-बिट विंडोजवर सगळं आपोआप ६४-बिट होतं

एका प्रोसेसमध्ये एकाच प्रकारच्या डीएलएल चालतात: सगळ्या ३२-बिट किंवा सगळ्या ६४-बिट. सी# चा प्रोजेक्ट 'एनी सीपीयू' ठेवला, 'प्रीफर ३२-बिट'ची खूण काढली आणि त्यातून जुनी ३२-बिट डीएलएल वापरली, तर ६४-बिट मशीनवर 'बॅड इमेज फॉरमॅट' हा एरर येतो. फाइल खराब झाली असं समजून लोक ती पुन्हा पुन्हा कॉपी करत बसतात. फाइल धडधाकट असते, तिचा बिटचा प्रकार जुळत नसतो.

ॲक्सेसच्या एमडीबी फायली वाचणारा जेट ४.० हा प्रोव्हायडर फक्त ३२-बिटमध्ये आहे. ६४-बिट आवृत्ती निघालीच नाही. तेव्हा एमडीबीवर उभं असलेलं सॉफ्टवेअर जाणीवपूर्वक 'एक्स८६' म्हणून बिल्ड करणं हाच स्वच्छ मार्ग.

फोल्डरांची नावंही इथे चकवतात. ६४-बिट विंडोजमध्ये सिस्टम३२ या फोल्डरात ६४-बिट फायली असतात आणि ३२-बिट फायली सिसवॉव६४ मध्ये. नावं उलटी वाटतात, पण जुन्या कोडमध्ये सिस्टम३२ हे नाव जागोजागी लिहिलेलं असल्याने मायक्रोसॉफ्टने ते बदललं नाही. ३२-बिट घटकाची नोंदणी करायची असेल तर सिसवॉव६४ मधलाच रेगएसव्हीआर३२ चालवावा.

गैरसमज: 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' केलं की परवानगीचा प्रश्न सुटतो

सगळ्यात जास्त हानी करणारा समज हाच, म्हणून यावर थोडं थांबतो.

विंडोज व्हिस्टापासून साध्या अधिकारांनी चालणाऱ्या सॉफ्टवेअरला प्रोग्राम फाइल्समध्ये लिहिता येत नाही. व्हीबी६ मध्ये लिहिलेली असंख्य सॉफ्टवेअर आपला डेटा एक्सईशेजारीच ठेवत. ती एका रात्रीत बंद पडू नयेत म्हणून विंडोजने एक सोय केली. मॅनिफेस्ट नसलेल्या ३२-बिट सॉफ्टवेअरने प्रोग्राम फाइल्समध्ये लिहायचा प्रयत्न केला, तर विंडोज ते लेखन मुकाट्याने त्या वापरकर्त्याच्या 'व्हर्च्युअलस्टोअर' फोल्डरात वळवतं. सॉफ्टवेअरला याचा पत्ता नसतो.

याचे परिणाम पाहा. एका संगणकावर दोघांचे वेगवेगळे लॉगिन असतील, तर दोघांच्या डेटाबेसच्या दोन वेगळ्या प्रती तयार होतात. सकाळच्या माणसाने केलेल्या नोंदी दुपारच्या माणसाला दिसत नाहीत. मग कोणीतरी 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' सुचवतं. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवल्यावर वळवण्याची सोय बंद होते आणि प्रोग्राम फाइल्समधली मूळ, इन्स्टॉल केल्या दिवसाची कोरी फाइल उघडते. ग्राहकाला वाटतं, वर्षभराचा डेटा गेला! तो व्हर्च्युअलस्टोअरमध्ये सुखरूप असतो, पण हे माहीत नसलेला तंत्रज्ञ त्याच क्षणी जुना बॅकअप वर चढवतो आणि मग नोंदी खरोखरच विस्कटतात. नव्या व्हिज्युअल स्टुडिओने बांधलेल्या एक्सईमध्ये मॅनिफेस्ट असतं, त्यामुळे तिथे सरळ 'ॲक्सेस डिनाइड' येतो. ते बरं, निदान कळतं.

आणखी दोन गोष्टी. ऑफिसातलं शेअर केलेलं झेड ड्राइव्ह ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलेल्या सॉफ्टवेअरला एरवी दिसत नाही, कारण ते साध्या लॉगिनच्या सत्रात जोडलेलं असतं. आणि एक्सप्लोररमधून फाइल ओढून अशा सॉफ्टवेअरमध्ये टाकताही येत नाही, विंडोज ते अडवतं. म्हणजे एक दार उघडायला गेलं की दुसरी दोन बंद होतात.

खरा उपाय साधा आहे. एक्सई प्रोग्राम फाइल्समध्ये, प्रत्येक वापरकर्त्याची सेटिंग्ज ॲपडेटामध्ये आणि सगळ्यांचा सामायिक डेटा प्रोग्रामडेटामध्ये. यातही एक बारकावा आहे. प्रोग्रामडेटामध्ये एका वापरकर्त्याने तयार केलेली फाइल दुसऱ्या साध्या वापरकर्त्याला मुळात बदलता येत नाही. म्हणून सेटअप चालतानाच आपल्या फोल्डरावर सर्व वापरकर्त्यांना बदल करण्याची परवानगी द्यावी. सेटअपला ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागतात ते अशा कामांसाठी. रोजच्या वापराला ते लागता कामा नयेत.

डीएलएल उतरवणं आणि अँटिव्हायरस बंद करणं

'अमुक डीएलएल सापडत नाही' असा संदेश आला की नाव शोधून कुठल्याशा संकेतस्थळावरून फाइल उतरवायची आणि सिस्टम३२ मध्ये टाकायची, हे सर्रास चालतं. फाइल कोणी ठेवली, तिच्यात काय मिसळलं, बिट कोणते, आवृत्ती कोणती, काहीच माहीत नसतं. व्हीसीरनटाइम१४० ही फाइल मागितली जात असेल तर मायक्रोसॉफ्टचं अधिकृत पॅकेज बसवावं. व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ ते २०२२ या सर्वांना एकच पॅकेज पुरतं, फक्त आपल्या सॉफ्टवेअरच्या बिटप्रमाणे निवडायचं.

अँटिव्हायरसने आपलं निर्दोष सॉफ्टवेअर अडवलं तर राग येणं स्वाभाविक आहे. पण ग्राहकाला संरक्षण काढून टाकायला सांगणं म्हणजे त्याच्या बँकेच्या व्यवहारांसकट सगळा संगणक उघडा ठेवायला सांगणं. चुकीची ओळख झाली असेल तर ती फाइल मायक्रोसॉफ्टकडे किंवा संबंधित कंपनीकडे तपासणीसाठी पाठवता येते. स्मार्टस्क्रीनची निळी खिडकी ही वेगळी बाब आहे. तिचा अर्थ 'व्हायरस सापडला' असा नसून 'या फाइलची अजून ओळख नाही' असा आहे. सही नसलेलं प्रत्येक नवं बिल्ड विंडोजच्या दृष्टीने संपूर्ण अनोळखी असतं. डिजिटल सही केली की विश्वास हळूहळू प्रकाशकाच्या प्रमाणपत्रावर साठत जातो. सही करताना टाइमस्टॅम्प लावायला विसरू नये. तो नसेल तर प्रमाणपत्राची मुदत संपताच जुन्या सेटअपची सहीही अवैध ठरते. जून २०२३ पासून या प्रमाणपत्राची खासगी किल्ली टोकनसारख्या सुरक्षित हार्डवेअरमध्येच ठेवावी लागते, तेव्हा खर्चाचा अंदाज तसा बांधावा.

गैरसमज: तारीख उलटी दिसते, तर ग्राहकाचं रीजनल सेटिंग बदला

भारतात विकल्या गेलेल्या संगणकांवरही विंडोजचं रीजनल सेटिंग पुष्कळदा अमेरिकी असतं. ते बदललं की तारीख सुलटते. पण हे सेटिंग प्रत्येक वापरकर्त्याचं वेगळं असतं, नवा लॉगिन तयार झाला की प्रश्न परत हजर.

मूळ दोष तारीख मजकूर म्हणून जोडण्यात आहे. ॲक्सेसच्या क्वेरीत दोन हॅशच्या मध्ये लिहिलेली तारीख रीजनल सेटिंग काहीही असलं तरी अमेरिकी क्रमाने, आधी महिना मग दिवस, अशी वाचली जाते. त्यामुळे ०५/०४/२०२४ लिहून ५ एप्रिलची बिलं मागितली तर ४ मेची येतात. आणि १३/०४/२०२४ लिहिलं तर? तेरावा महिना नसतो, म्हणून जेट इंजिन गुपचूप क्रम उलटवतं आणि १३ एप्रिल बरोबर देतं. परिणाम असा की महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांचे अहवाल चुकतात आणि पुढचे बरोबर येतात. चाचणी विसाव्या तारखेला घेतली असेल तर दोष दिसतच नाही. तारीख नेहमी पॅरामीटरने पाठवावी आणि डेटाबेसमध्ये तारखेच्याच प्रकारात साठवावी.

मराठी मजकुराबाबतही असंच. मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं उमटली की 'फॉन्ट टाका' असं सांगितलं जातं. पण प्रश्नचिन्ह उमटलं म्हणजे मूळ अक्षर आधीच हरवलेलं आहे, फॉन्ट ते परत आणू शकत नाही. देवनागरीसाठी विंडोजमध्ये जुन्या धर्तीचं ॲन्सी कोडपेज कधी नव्हतंच, तिचा आधार पहिल्यापासून युनिकोडवर आहे. व्हीबी६ चे मूळ कंट्रोल ॲन्सीचे असल्याने त्यात युनिकोड मराठी उमटत नाही. श्री-लिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टांनी त्या काळी काम भागवलं. त्यात मात्र साठवलेले संकेतांक देवनागरीचे नसतात, फक्त दिसणं मराठी असतं. असा डेटा नव्या सॉफ्टवेअरमध्ये घेताना रूपांतर करावंच लागतं. एसक्यूएल सर्व्हर वापरणाऱ्यांनी कॉलम एनव्हारचार ठेवावा आणि मजकुराआधी एन लावावा, तो राहिला तरी प्रश्नचिन्हंच मिळतात. कॉलमची लांबी ठरवताना हेही लक्षात असू द्यावं: 'महाराष्ट्र' या शब्दात डोळ्यांना चार अक्षरं दिसतात, पण संकेतांक दहा असतात, आणि यूटीएफ-८ मध्ये त्यांचे ३० बाइट होतात. इंग्रजी नावांवरून बेतलेल्या रकान्यात मराठी नावं अर्धवट तुटतात ती यामुळे.

आणि शेवटी फॉरमॅट

फॉरमॅटने अनेक अडचणी जातात, पण कारणही सोबत पुसलं जातं. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकूनही जेव्हा ते उघडत नाही, तेव्हा बहुधा ॲपडेटामधली सेटिंग्जची फाइल बिघडलेली असते. वीज अचानक गेली की असं घडू शकतं, आणि अनइन्स्टॉल ती फाइल सहसा काढत नाही. नवा विंडोज वापरकर्ता तयार करून त्यात सॉफ्टवेअर उघडून पाहा. तिथे चाललं तर दोष जुन्या प्रोफाइलमध्ये आहे आणि एक फाइल बाजूला ठेवून काम होतं.

कारण शोधायची साधनं फुकट आहेत. विंडोजच्या 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये १०२६ आणि १००० या क्रमांकांच्या नोंदींत डॉट नेटचं सॉफ्टवेअर कुठे कोसळलं ते लिहिलेलं सापडतं. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांच्या सिसइंटर्नल्सचा 'प्रोसेस मॉनिटर' सॉफ्टवेअरने कोणती फाइल कुठे शोधली आणि कुठे परवानगी नाकारली गेली हे ओळीने दाखवतो. त्यात 'नेम नॉट फाउंड'च्या पुष्कळ ओळी निरुपद्रवी असतात, कारण डीएलएल अनेक ठिकाणी शोधली जाते. बंद पडण्याच्या अगदी आधीच्या ओळी पाहाव्यात. हे सगळं व्यर्थ ठरतं ते कोडमध्ये 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट' किंवा रिकामा कॅच ब्लॉक असेल तर. तिथे निदान एक लॉग फाइल तरी लिहा.

आणि मित्रांनो, मदत मागताना 'एरर येतो, चालत नाही' एवढंच लिहून पाठवू नका. संदेशाचा पूर्ण मजकूर, विंडोजची आवृत्ती, बिल्ड ३२-बिट की ६४-बिट, वापरकर्त्याचे अधिकार आणि अडचण येण्याआधी काय बदललं, या पाच गोष्टी सोबत पाठवा.