दुचाकीची काच आणि दिपणारे डोळे

रात्रीचा प्रवास पूर्वीं अंधारामुळें बिकट असे. आतां तो उजेडामुळें बिकट झाला आहे, असें म्हटलें तर कित्येकांस तें चमत्कारिक वाटेल. परंतु ज्यांच्या घरचीं तरुण माणसें कामावरून रात्रीं नऊ-दहा वाजतां दुचाकीवरून परततात, त्यांस आमचें म्हणणें तत्काळ पटेल. समोरच्या गाड्यांच्या दिव्यांनीं डोळे दिपले, क्षणभर रस्ताच दिसेना, ही तक्रार आज घरोघरीं ऐकूं येते. १ एप्रिल २०१७ पासून आपल्या देशांतील नव्या दुचाकींचा पुढला दिवा इंजिन सुरू होतांच आपोआप लागतो. शिवाय पूर्वींच्या पिवळसर दिव्यांची जागा पांढऱ्याशुभ्र एलईडी दिव्यांनीं घेतली आहे. रस्त्यावरील उजेड वाढला, पण दिसणें त्या मानानें वाढलें नाहीं. यांत समोरून येणाऱ्याचा दोष असतो, हें आम्हांस मान्य आहे. तथापि या दिपण्याचा बराचसा भाग आपल्याच हेल्मेटच्या काचेंत, आपल्याच गाडीच्या पुढील काचेंत आणि आपल्याच डोळ्यांत उत्पन्न होतो, ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षांत येते. समोरच्याचा दिवा आपल्या हातीं नाहीं. आपली काच मात्र आपल्या हातीं आहे. तिच्याविषयींच येथें चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम दिपणें म्हणजे काय, तें पाहूं. प्रखर दिवा समोर आला म्हणजे त्याचे सर्वच किरण डोळ्यांत एका बिंदूवर जमत नाहींत. कांहीं किरण डोळ्याच्या भिंगांत विखुरतात आणि दृष्टिपटलावर सर्वत्र फिकट प्रकाशाचा एक पडदा पसरतात. काळी घोंगडी पांघरून कडेनें चालणारा माणूस, रस्त्यांतला खड्डा, बंद पडलेली गाडी, अशा मुळांतच अंधुक असलेल्या वस्तु या पडद्याआड नाहींशा होतात. होलाडे या शास्त्रज्ञानें १९२६ सालीं व स्टाइल्स यानें १९२९ सालीं या पडद्याचें गणित मांडलें. त्याचा मथितार्थ असा: दिव्याचें तेज जितकें अधिक, तितका पडदा दाट, आणि दिवा व आपण पाहत असलेली वस्तु यांमधील कोन जितका अधिक, तितका पडदा विरळ. त्यांतहि हें विरळ होणें कोनाच्या वर्गाच्या प्रमाणांत असतें. कोन दुप्पट झाला तर पडदा चतुर्थांशावर येतो, तिप्पट झाला तर नवमांशावर.

या एका नियमांत दुचाकीस्वारास उपयोगी पडेल असा मोठा उपदेश आहे. समोरून झोत येऊं लागला कीं मनुष्याची दृष्टि पतंगाप्रमाणें नेमकी त्या दिव्याकडेच ओढली जाते. तसें होऊं न देतां वेग उतरवावा आणि रस्त्याच्या डाव्या कडेवरील पांढऱ्या रेषेवर नजर ठेवावी. तेवढ्यानेंच कोन वाढतो व पडदा पातळ होतो. ताशीं ५० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत सुमारें १४ मीटर अंतर तोडते. दोन सेकंद डोळे दिपले तर २८ मीटर प्रवास आंधळेपणानें झाला, असें समजावें.

याच गणितांत पुढें वयाचाहि हिशेब घालण्यांत आला आहे. सत्तरीच्या माणसाच्या डोळ्यांत हा पडदा विशींतल्या तरुणाच्या सुमारें दुप्पट दाट पडतो. पासष्टाव्या वर्षीं तो जवळजवळ पावणेदोनपट असतो. आम्ही त्याच वयाच्या घरांत आहों, म्हणून हें विशेष सांगावेंसें वाटतें. मुलास जो रस्ता स्वच्छ दिसतो, तोच बापास दिसत नसेल, तर त्यांत बापाचा भित्रेपणा नाहीं. मोतीबिंदूचा आरंभ असेल तर तर हें विखुरणें आणखीच वाढतें. सबब साठीनंतर रात्रीं दुचाकी चालविणारांनीं वर्षांतून एकदां नेत्रवैद्यास डोळे अवश्य दाखवावे.

आतां काचेकडे वळूं. आपण तिला काच म्हणतों. पण ती काच नव्हे. हेल्मेटची काच बहुधा पॉलिकार्बोनेट नांवाच्या प्लॅस्टिकची असते, आणि गाडीच्या पुढें बसवितात ती, जिला विंडशील्ड म्हणतात, ती पॉलिकार्बोनेटची किंवा ॲक्रिलिकची असते. ॲक्रिलिक १९३० नंतरच्या दशकांत बाजारांत आलें. पॉलिकार्बोनेटचा शोध १९५३ सालीं जर्मनी व अमेरिका या दोन्ही देशांत स्वतंत्रपणें लागला. पॉलिकार्बोनेट आघात सोसण्यांत फार चिवट. दगड लागला तरी सहसा फुटत नाहीं, म्हणूनच तें तोंडासमोर ठेवतात. परंतु चिवटपणा निराळा आणि कठीणपणा निराळा. हें द्रव्य मऊ असल्यामुळें त्यावर चटकन चरे पडतात. तें टाळण्यासाठीं कारखानदार त्यावर कठीण लेपाचा पातळ थर देतात. पण तो थर अमर नसतो. रस्त्यावरील धुळींत गारेचे सूक्ष्म कण असतात व ते या प्लॅस्टिकाहून कितीतरी कठीण असतात. त्यामुळें सदऱ्याच्या टोकानें, ओढणीनें किंवा पदरानें कोरडी काच खसाखसा पुसणें म्हणजे तिच्यावर बारीक कानस चालविण्यासारखेंच आहे. आरसा वर्तमानपत्राच्या कागदानें पुसण्याची आपल्या घरांतील जुनी रीत खऱ्या काचेस ठीक आहे. या काचेस ती घातक आहे. काच या नांवानेंच येथें आपली फसगत केली आहे.

वेदान्तांत अविद्येच्या दोन शक्ति सांगितल्या आहेत, आवरण आणि विक्षेप. पहिली असलेली वस्तु झांकते; दुसरी नसलेली वस्तु दाखविते. मळलेल्या काचेकडे पाहतांना आम्हांस या विभागणीची आठवण होते. धूळ आणि चिखल हें आवरण होय. तें रस्ता झांकतें, पण पाण्यानें जातें. चरे हा विक्षेप होय. ते समोरच्या एका दिव्याचा प्रकाश जेथें कांहींच नाहीं तेथें फेकतात, आणि ते पाण्यानें जात नाहींत. चऱ्यांची एक गंमत अशी कीं आडवा चरा प्रकाशाची उभी रेघ पाडतो व उभा चरा आडवी. गोल फिरवून पुसलेल्या काचेंत म्हणूनच प्रत्येक दिव्याभोवतीं किरणांचें जाळें दिसतें. परीक्षा सोपी आहे. रात्रीं घरांतील दिवे मालवावे, दूर एक लहान प्रखर दिवा ठेवावा व त्याकडे धुतलेल्या काचेंतून पाहावें. दिव्याभोवतीं कोळ्याच्या जाळ्यासारखें तेज पसरलेलें दिसलें तर काच बदलण्याची वेळ आली, असें समजावें. नवी काच कांहींशें रुपयांत मिळते. चरे घालविण्यासाठीं दांत घासण्याची पेस्ट चोळण्याचा उपाय कित्येकजण सुचवितात. त्यानें उरलासुरला कठीण लेपहि निघून जातो. तो करूं नये.

काच धुण्याची रीति पुढीलप्रमाणें असावी. प्रथम तिच्यावर भरपूर साधें पाणी सोडावें. किडे किंवा चिखल वाळून चिकटला असेल तर ओलें मऊ फडकें पांच-दहा मिनिटें वर ठेवावें, म्हणजे तो आपोआप सुटतो. मग सौम्य साबणाच्या पाण्यांत बोटें बुडवून हलक्या हातानें काच धुवावी, पुन्हां पाणी सोडावें, आणि स्वच्छ मऊ सुती कापडानें दाब न देतां पाणी टिपून घ्यावें. पेट्रोल, रॉकेल, स्पिरिट अथवा खिडक्या पुसण्याचें अमोनियायुक्त औषध यांचा स्पर्शहि होऊं देऊं नये. त्यांनीं प्लॅस्टिकांत बारीक तडे जातात व तें कायमचें धुरकट होतें. हेल्मेट टेबलावर काच खालीं करून ठेवणें व काच असलेल्या पिशवींत किल्ल्या टाकणें, या दोन संवयीहि सोडाव्या.

आतां गाडीच्या पुढील काचेविषयीं. स्वार सरळ बसला असतां तिची वरची कड त्याच्या नाकाच्या शेंड्याच्या सुमारास यावी. म्हणजे वारा कडेवरून उडून डोक्यावरून जातो आणि स्वार रस्त्याकडे काचेवरून पाहतो, काचेंतून नव्हे. कड ऐन डोळ्यांसमोर आली तर तीच मोठी अडचण होते. उंच काच लावण्याची हौस पुष्कळांस असते. पण त्यांनीं पृष्ठभागांचा हिशेब करून पाहावा. चष्म्याचे दोन पृष्ठभाग, हेल्मेटच्या काचेचे दोन, पुढील काचेचे दोन, असे सहा पृष्ठभाग ओलांडून रस्ता डोळ्यापर्यंत येतो. साध्या पृष्ठभागावरून दर वेळीं सुमारें ४ ते ५ टक्के प्रकाश परावर्तित होतो. म्हणजे सहांत मिळून जवळजवळ चतुर्थांश प्रकाश वाटेंतच गळतो, आणि त्यांतला कांहीं भाग भलत्याच दिशेनें डोळ्यांत शिरतो. हँडलवर नकाशासाठीं अडकविलेला मोबाइल झगझगीत ठेवला तर त्याचेंहि प्रतिबिंब पुढील काचेंत उमटतें. रात्रीं त्याचें तेज कमी करावें.

दिवसाची चकाकी सूर्याची. जो सकाळीं कोथरूडाहून हडपसरास कामावर जातो व संध्याकाळीं परततो, त्याला जातांना पूर्वेचा व येतांना पश्चिमेचा, असा दोन्ही वेळां सूर्य तोंडावर असतो. त्यास काळी काच बरी वाटते, व भर दिवसा ती क्षम्यहि आहे. परंतु तीच काच लावून संध्याकाळ झाली, किंवा कात्रजच्या बोगद्यांत शिरावें लागलें, म्हणजे अनर्थ ओढवतो. युरोपांतील नियमांप्रमाणें अशा गडद काचेवर ती फक्त दिवसा वापरण्यासाठीं आहे, अशी सूचना असते. काळ्या काचेनें दिव्याचें तेज व रस्ता दोन्ही सारखींच मंद होतात, म्हणून रात्रीं तिचा लाभ कांहींच नाहीं. पिवळ्या चष्म्याची गोष्ट हीच. त्यापेक्षां हेल्मेटच्या आंत वर सारतां येणारी गडद पट्टी असते, ती बरी.

ध्रुवित काचेचा चष्मा ओल्या रस्त्यावरील सूर्याची चकाकी चांगली मारतो; मात्र साच्यांतून काढलेल्या प्लॅस्टिकांतून पाहतांना त्यांत इंद्रधनुष्याचे रंग दिसूं लागतात. या संबंधांत एक जुना प्रयत्न सांगण्यासारखा आहे. अमेरिकेंत एडविन लँड या तरुणानें १९२९ सालीं ध्रुवित पापुद्र्याच्या पेटंटासाठीं अर्ज केला, तेव्हां मोटारींच्या दिव्यांची चकाकी घालविणें हाच त्याचा एक प्रमुख हेतु होता. सर्व गाड्यांच्या दिव्यांवर व काचांवर एकाच कलाचा पापुद्रा बसविला, तर समोरून येणाऱ्याचा दिवा आपल्या काचेंत अडतो व आपला दिवा आपल्यास दिसतो, अशी ती योजना होती. पण सर्वांनीं एकाच वेळीं ती स्वीकारल्यावांचून कोणासहि तिचा उपयोग नव्हता, व दिव्याचा निम्मा प्रकाशहि वाया जात असे. ती अमलांत आली नाहीं. सर्वांस एकदम शहाणें करणारा उपाय हातीं येईपर्यंत ज्यानें त्यानें आपापली काच सांभाळणें प्राप्त आहे.

पावसाळ्यांत दोन संकटें येतात. बाहेरून थेंब बसतात व प्रत्येक थेंब लहानसें भिंग होऊन दिव्याचा प्रकाश फांकवितो. आणि आंतून श्वासांतील वाफ थंड काचेवर जमते. थेंबांस काच नवी, गुळगुळीत व स्वच्छ असणें हाच मुख्य उपाय. वाफेसाठीं काच किंचित उघडी ठेवावी, किंवा आंतल्या बाजूनें बसवावयाची दुसरी पातळ पट्टी मिळते ती लावावी. दोन थरांमध्यें हवा कोंडल्यामुळें आंतला पृष्ठभाग थंड पडत नाहीं व वाफ जमत नाहीं. घाटांतून व धुक्यांतून जाणारास ही पट्टी फार उपयोगी आहे.

१ जून २०२१ पासून आयएसआय चिन्ह असलेलेंच हेल्मेट विकणें आपल्या देशांत कायद्यानें आवश्यक झालें आहे. तें चिन्ह पाहून हेल्मेट घेणारीं सुजाण कुटुंबेंहि त्याच हेल्मेटची चरे पडलेली काच चार-चार वर्षें वापरीत राहतात, हें पाहून आम्हांस नवल वाटतें. डोक्याचें रक्षण अपघात झाल्यानंतरचें. काच तो होऊंच न देण्यासाठीं आहे.

शेवटीं एक गोष्ट मनांत ठेवावी. चकाकीच्या पडद्याआड जो नाहींसा होतो, तो बहुधा ज्याच्यापाशीं स्वतःचा दिवा नाहीं असा मनुष्य असतो. कोल्हापूर, सांगली, सातारा या भागांत गळिताचा हंगाम सुरू झाला कीं रात्रभर उंसानें भरलेल्या बैलगाड्या व ट्रॉल्या रस्त्यानें चाललेल्या असतात. कित्येकींच्या मागें लाल दिवा नाहीं कीं चकाकणारी पट्टी नाहीं. उजव्या बाजूनें झोत येत असतांना डावीकडची अशी गाडी दिसणें न दिसणें यावर दोन घरांचें सुख अवलंबून असतें, गाडीवानाचें आणि आपलें. म्हणून समोर गाडी दिसतांच आपण आधीं डिपर द्यावा, दुसऱ्यानें दिला नाहीं तरी द्यावा. आणि आमच्या वाचकांस विनंति अशी कीं घरांतील प्रत्येक हेल्मेटची काच आजच दिव्यासमोर धरून पाहावी, व ती बदलण्यासारखी असेल तर येत्या रविवारपर्यंत बदलून टाकावी.