३८ पैकी ११ मॅच खेळणारा कॅप्टन : दुखापतींनी छळलं, तरी विन्सेंट कोम्पनी संपला नाही

तारीख ६ मे २०१९. मँचेस्टर सिटी विरुद्ध लेस्टर सिटी. प्रीमियर लीगचा सीझन संपायला फक्त दोन मॅच उरल्या होत्या. टेबलमध्ये लिव्हरपूल ९४ पॉइंट्सवर आणि सिटी ९२ वर. म्हणजे मँचेस्टर सिटीला ही मॅच जिंकणं भागच होतं. ड्रॉ झाली असती तरी सगळी सूत्रं लिव्हरपूलच्या हातात गेली असती.

सत्तर मिनिटं होत आली तरी स्कोअर ०-०. तेवढ्यात बॉल आला विन्सेंट कोम्पनीकडे. सिटीचा कॅप्टन, वय ३३, काम डिफेन्स करणं. गोलपोस्ट चांगली लांब. इतकी वर्षं प्रीमियर लीग खेळून त्याने बॉक्सच्या बाहेरून एकही गोल मारला नव्हता. त्याने मारायचा पवित्रा घेतला तेव्हा 'अरे, नको मारू' असंच आपल्या मनात आलं होतं, हे कोच पेप ग्वार्डिओला आणि स्ट्रायकर सर्जिओ अग्वेरो या दोघांनीही नंतर कबूल केलं.

त्याने मारला. बॉल थेट वरच्या कोपऱ्यात. सिटी १-० ने जिंकली. शेवटच्या दिवशी ब्रायटनला ४-१ ने हरवून ९८ पॉइंट्सवर चॅम्पियन झाली. लिव्हरपूल ९७ वरच राहिलं.

हा गोल आजही रील्समध्ये फिरतो. पण तो बघताना एक आकडा सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही. सिटीमधल्या शेवटच्या चार सीझनमध्ये लीगच्या एकूण १५२ मॅच झाल्या. कॅप्टन असलेला कोम्पनी त्यातल्या खेळला फक्त ५९. २०१६-१७ च्या सीझनमध्ये तर ३८ पैकी ११.

म्हणजे टीमचा कॅप्टन निम्म्याहून जास्त वेळ मैदानाबाहेर. तरीही त्याचं कॅप्टनपद गेलं नाही, टीममधलं वजन कमी झालं नाही आणि आज स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा उभा आहे. हे कसं काय जमलं ते समजून घ्यायचं तर सुरुवात ब्रसेल्सपासून करावी लागेल.

बेल्जियमची राजधानी ब्रसेल्स. इथेच १० एप्रिल १९८६ रोजी कोम्पनीचा जन्म झाला. वडील पिएर कोम्पनी मूळचे काँगोचे. काँगो म्हणजे १९६० पर्यंत बेल्जियमची वसाहत. स्वातंत्र्यानंतर तिथे मोबुटू यांची हुकूमशाही आली आणि १९७५ साली पिएर यांना निर्वासित म्हणून बेल्जियम गाठावं लागलं. इथे त्यांनी टॅक्सी चालवत इंजिनीअरिंगचं शिक्षण घेतलं. आई जोसलीन बेल्जियमच्याच, कामगार संघटनेत काम करणाऱ्या. पुढे २०१८ साली पिएर ब्रसेल्समधल्या गान्सहोरेनचे महापौर म्हणून निवडून आले. बेल्जियमचे ते पहिले कृष्णवर्णीय महापौर.

अशा घरात पोराने फुटबॉल खेळावं याला विरोध नव्हता, पण शिक्षण सोडायचं नाही हा नियम होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

लहान वयातच तो अँडरलेख्टच्या अकादमीत गेला. अँडरलेख्ट म्हणजे बेल्जियममधला सगळ्यात यशस्वी क्लब. २००३ साली, वयाच्या १७ व्या वर्षी सिनियर टीमकडून पहिली मॅच. २००४ च्या फेब्रुवारीत फ्रान्सविरुद्ध देशाकडून पदार्पण. त्याच वर्षी बेल्जियन लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा 'गोल्डन शू' अठरा वर्षांच्या या पोराने घेतला, तोही डिफेंडर असून.

आता डिफेंडर असून का, ते सांगायला पाहिजे. कबड्डीत चढाई करणाऱ्याचं नाव गावभर होतं, पकड करणाऱ्याचं फारसं कुणाला आठवत नाही. फुटबॉलमध्येही तेच. गोल मारणारा हिरो, गोल वाचवणारा डिफेंडर फक्त चुकला की चर्चेत येतो. त्यात कोम्पनी होता सेंटर बॅक, म्हणजे गोलकीपरच्या बरोबर पुढे उभा राहणारा. उंच बॉल डोक्याने परतवायचा, समोरच्या स्ट्रायकरला अंगावर घ्यायचं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे धोका कुठून येणार हे आधीच ओळखायचं.

२००६ साली तो जर्मनीच्या हॅम्बर्गकडे गेला. आणि इथेच ती कटकट सुरू झाली. पहिल्याच सीझनमध्ये टाचेच्या वरचा अकिलीस टेंडन दुखावला आणि कित्येक महिने तो बाहेर बसला.

२२ ऑगस्ट २००८ रोजी मँचेस्टर सिटीने त्याला साइन केलं. तेव्हाची सिटी म्हणजे शेजारच्या मँचेस्टर युनायटेडच्या सावलीत जगणारा क्लब. शेवटचं लीग टायटल १९६८ सालचं. पण कोम्पनी आल्यावर दहाच दिवसांत अबू धाबीच्या मालकांनी क्लब विकत घेतला आणि पैशांचा पूर आला. मोठमोठे स्टार येऊ लागले. त्या पुराच्या आधी आलेला कोम्पनी मात्र टिकून राहिला. सुरुवातीला त्याला बऱ्याचदा मिडफिल्डमध्ये खेळवलं गेलं, मग सेंटर बॅकची जागा पक्की झाली आणि २०११ साली कोच रॉबर्टो मँचिनी यांनी त्याला कॅप्टन केलं.

पहिलाच सीझन धमाकेदार. ३० एप्रिल २०१२, समोर युनायटेड. ते तीन पॉइंट्सनी पुढे. हाफटाइमच्या तोंडावर डेव्हिड सिल्वाने कॉर्नर घेतला आणि कोम्पनीने हेडर मारून बॉल जाळ्यात घातला. १-०. दोन्ही टीमचे पॉइंट्स समान झाले, गोल फरकावर सिटी वर गेली. शेवटच्या दिवशी क्वीन्स पार्क रेंजर्सविरुद्ध अग्वेरोने इंज्युरी टाइममध्ये गोल मारला आणि ४४ वर्षांनी टायटल सिटीकडे आलं. त्या सीझनचा प्रीमियर लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला कोम्पनी.

इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही मोठ्या खेळाडूची वाटेल. पण पुढे पोटरीने दगा द्यायला सुरुवात केली.

स्नायूची दुखापत हाडापेक्षा वाईट का म्हणतात? हाड नीट जुळलं की काम झालं. फाटलेला स्नायू भरून येतो तेव्हा त्या जागी जखमेचा व्रण तयार होतो. हा भाग मूळ स्नायूइतका ताणला जात नाही. जोरात पळताना ताण नेमका त्याच्या आजूबाजूला येतो आणि परत फाटण्याची भीती राहते. शिवाय दुखरा पाय सांभाळायला खेळाडू नकळत दुसऱ्या पायावर, मांडीवर, जांघेवर भार टाकतो. मग तिथे दुखायला लागतं. लवकर परत आलं तर धोका, उशिरा आलं तर दम आणि टायमिंग गेलेलं. हे चक्र एकदा लागलं की सुटणं अवघड.

त्यात आजकालच्या मोठ्या टीमचे डिफेंडर गोलपोस्टजवळ उभे राहत नाहीत. पार मैदानाच्या मध्याजवळ जाऊन उभे राहतात, म्हणजे समोरच्या टीमला जागाच मिळत नाही. पण बॉल हातचा गेला की वळून जीव खाऊन मागे पळावं लागतं. थांबलेल्या जागेवरून अचानक फुल स्पीड पकडताना सगळा जोर पोटरीवर येतो. कोम्पनीच्या शरीराचा नेमका तोच भाग कच्चा होता.

४ मे २०१६. चॅम्पियन्स लीगची सेमीफायनल, समोर रियल माद्रिद. दहाव्या मिनिटाला कोम्पनी जायबंदी होऊन बाहेर. सिटी हरली. त्याच दुखापतीने युरो २०१६ पण गेला. हॅझार्ड, डी ब्रॉयना, लुकाकू अशी बेल्जियमची सोनेरी पिढी त्या स्पर्धेत क्वार्टर फायनलला वेल्सकडून हरली, आणि कोम्पनी तेव्हा टीममध्येच नव्हता.

अशा वेळी खेळाडू दोन गोष्टी करतो. एक तर खचतो, नाही तर घाईत परत येऊन पुन्हा मोडतो. कोम्पनीने तिसरी गोष्ट केली. घरातला शिक्षणाचा नियम आठवतोय ना? त्याने मँचेस्टरच्या अलायन्स बिझनेस स्कूलमध्ये एमबीए सुरू केलं. खेळता खेळता, रिहॅब करता करता साधारण पाच वर्षांत ते पूर्णही केलं. प्रबंधाचा विषय होता, घरच्या मैदानाचा फायदा प्रीमियर लीगच्या क्लबना जास्त कसा करून घेता येईल.

दुसरीकडे ड्रेसिंग रूममधलं त्याचं काम थांबलं नाही. बेल्जियममध्ये एक भाग डच बोलणारा, दुसरा फ्रेंच, आणि दोघांमध्ये राजकीय ताणतणाव कायमचा. कोम्पनीला दोन्ही भाषा येतात, शिवाय इंग्लिश आणि जर्मनही. वेगवेगळ्या देशांतून आलेल्या खेळाडूंना एकत्र ठेवणारा माणूस अशी त्याची ओळख पक्की झाली. ग्वार्डिओला आल्यावर त्याला कमी मॅच मिळाल्या, पण मोठ्या मॅचला फिट असला की नाव लिस्टमध्ये असायचं.

२०१८ च्या वर्ल्डकपलाही तो दुखापतीतून सावरतच गेला. सुरुवातीच्या मॅचला बाहेर होता. जपानविरुद्ध ०-२ ने मागे पडून बेल्जियम ३-२ ने जिंकलं, मग ब्राझीलला २-१ ने घरी पाठवलं, तेव्हा डिफेन्समध्ये कोम्पनी होता. बेल्जियम तिसरं आलं. वर्ल्डकपमधली ही त्यांची आजवरची सगळ्यात मोठी कामगिरी. देशाकडून तो एकूण ८९ मॅच खेळला.

सिटीकडून ११ सीझन, ३६० मॅच, चार लीग टायटल्स. २०१९ च्या मे महिन्यात एफए कपच्या फायनलला वॉटफर्डला ६-० ने हरवलं आणि दुसऱ्याच दिवशी कोम्पनीने क्लब सोडत असल्याचं जाहीर केलं. सप्टेंबरमध्ये त्याच्या सन्मानासाठी खास मॅच ठेवली, तिचे पैसे मँचेस्टरमधल्या बेघर लोकांसाठी दिले गेले. गंमत म्हणा की नशीब, स्वतःच्याच निरोपाच्या मॅचला कोम्पनी दुखापतीमुळे खेळू शकला नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सिटीच्या मालकांच्या ग्रुपने आपल्या मुंबई सिटी एफसीमध्येही ६५ टक्के वाटा घेतला. ज्या क्लबच्या नावावर जगभर असा कारभार उभा राहिला, त्याची मैदानावरची पत उभी करणाऱ्यांत कोम्पनी पहिल्या फळीत होता.

पुढे तो अँडरलेख्टला खेळाडू आणि मॅनेजर अशा दुहेरी भूमिकेत परतला. सुरुवात इतकी वाईट झाली की मॅचच्या दिवशीची मॅनेजरकी सोडून द्यावी लागली. २०२० च्या ऑगस्टमध्ये बूट खुंटीला टांगले आणि तो पूर्णवेळ मॅनेजर झाला. २०२२ ला इंग्लंडच्या बर्नलीला गेला. पहिल्याच सीझनमध्ये १०१ पॉइंट्स मिळवून दुसऱ्या डिव्हिजनचं टायटल जिंकलं. प्रीमियर लीगमध्ये मात्र जेमतेम २४ पॉइंट्स मिळाले आणि टीम परत खाली घसरली. लोक म्हणाले, संपला विषय. २०२४ च्या मे महिन्यात जर्मनीच्या बायर्न म्युनिकने त्यालाच मॅनेजर केलं तेव्हा अनेकांनी भुवया उंचावल्या. एका वर्षात बायर्न परत बुंडेसलिगा चॅम्पियन.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. कोम्पनीच्या पाठीशी श्रीमंत क्लब होता, उत्तम डॉक्टर होते, बाहेर बसला तरी पगार चालू होता. लहान क्लबमधल्या खेळाडूची पोटरी दोनदा फाटली की बऱ्याचदा कॉन्ट्रॅक्टच संपतं. त्यामुळे जिद्द असली की सगळं जमतं, असा धडा यातून काढणं बरोबर नाही.

पण मिळालेल्या वेळेचं काय केलं, हा प्रश्न उरतोच. फुटबॉलरचं शरीर पस्तिशीच्या आसपास थांबतं, कोम्पनीचं तिशीच्या आधीच कुरकुरायला लागलं होतं. जी वेळ सगळ्यांवर येते ती त्याच्यावर लवकर आली, आणि पाय चालत नव्हते तेव्हा तो अभ्यास करत होता, माणसं सांभाळत होता, खेळ बघत होता. धोका दिसायच्या आधी ओळखून जागा घेणं, हे तर डिफेंडरचं रोजचंच काम.